आच्छादन

पडदा नुसता झांकीत नाहीं; पलीकडे पाहण्याजोगें कांहीं आहे, अशी ग्वाहीही तोच देत असतो. इंग्रजी काव्य शिकविण्याच्या निमित्तानें बायबल आम्हांस वारंवार उघडावें लागतें. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नाहीं. तरी त्यांतील आच्छादनाची कल्पना आमच्या मनांत गेलीं अनेक वर्षें घर करून राहिली आहे.

निर्गम ग्रंथांत निवासमंडपाचें जें वर्णन आहे, त्यांत निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचा, करूबांच्या आकृति काढलेला एक पडदा आहे. त्यापलीकडे परमपवित्रस्थान. तेथें महायाजकानें वर्षांतून केवळ प्रायश्चित्ताच्या दिवशींच जावें, असा दंडक होता. येशूनें प्राण सोडला तेव्हां यरुशलेमच्या मंदिरांतील पडदा वरून खालपर्यंत फाटला, असें मत्तय लिहितो. ‘वरून खालपर्यंत’ एवढें नेमकें सांगण्याचें प्रयोजन काय, असें आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें. मनुष्य फाडता तर खालून फाडता. हा हात वरचा होता, असेंच सुचवावयाचें असावें, असें आम्हीं उत्तर दिलें.

दुसरें आच्छादन मोशेच्या मुखावरचें. सीनाय पर्वतावरून तो उतरला तेव्हां त्याच्या मुखाचें तेज पाहून लोक जवळ येण्यास भ्याले. परंतु मूळ कथा नीट वाचली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. ईश्वराशीं बोलतांना मोशेचें मुख उघडें असे, लोकांस ईश्वराची आज्ञा कळवितांनाही उघडेंच असे. सांगणें संपलें म्हणजे मग तो तें झांकून घेई. शिकविण्याचा धंदा करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हा क्रम मनांत ठेवण्यासारखा आहे. बोलतांना आडपडदा नसावा. बोलून झाल्यावर मात्र आपलें तेज मिरवूं नये.

तिसरें आच्छादन सर्वांत सूक्ष्म. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल म्हणतो कीं, मोशेचे ग्रंथ वाचले जातात तेव्हां ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणावर आच्छादन असतें, आणि प्रभूकडे वळल्यावर तें काढलें जातें. अशा रीतीनें मंदिरांतला पडदा मुखावर आणि मुखावरून अंतःकरणावर आला. आतां वस्तु झांकलेली नाहीं, पाहणारा झांकलेला आहे.

येथेंच धोका आहे. पौल स्वतः यहुदी होता. स्वकीयांविषयीं आपल्या मनांत अखंड वेदना आहे, असें त्यानें रोमकरांस लिहिलें. त्याचे हे उद्गार घरच्या माणसाचे होते. पुढें तेच विजेत्याच्या हातीं पडले. स्ट्रासबर्गच्या प्रार्थनामंदिराच्या दक्षिणद्वारासाठीं तेराव्या शतकांत घडविलेल्या दोन स्त्रीमूर्ति प्रसिद्ध आहेत. एक ख्रिस्तमंडळी, मुकुट धारण केलेली. दुसरी यहुदी धर्माची प्रतिमा. तिचा भाला मोडलेला, मान झुकलेली आणि डोळ्यांवर पट्टी. मूर्ति अप्रतिम आहे. परंतु ती पट्टी बांधणारे हात दुसऱ्याचे होते. फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स विद्यापीठांत २०१५ सालीं बसविलेल्या शिल्पांत याच दोघी शेजारीं बसल्या आहेत. दोघींच्याही मस्तकावर मुकुट आहेत, आणि त्या एकमेकींच्या हातांतील ग्रंथ पाहत आहेत.

पौलाच्या दृष्टीनें आमच्यासारख्या वाचकाच्या डोळ्यांपुढेंही पडदा असणारच, आणि तो नाहीं असें सिद्ध करून दाखविण्याचें साधन आमच्यापाशीं नाहीं. पण त्यानें शब्दयोजना केली आहे ती ‘काढलें जातें’ अशी. ज्याला तें काढतां येत नाहीं, त्यानें तें दुसऱ्याच्या डोळ्यांवर आहे असा निवाडा तरी कशाच्या बळावर द्यावा? बायबलाच्या शेवटच्या ग्रंथाचें मूळ ग्रीक नांव ‘अपोकॅलिप्सिस’, म्हणजे आवरण दूर होणें. मराठींत त्यास ‘प्रकटीकरण’ म्हणतात. तोंवर ज्याच्या-त्याच्या आच्छादनाची चौकशी ज्यानें-त्यानें आपल्यापुरती करावी, आणि दुसऱ्याच्या हातांतील ग्रंथ आदरानें पाहावा, हेंच आम्हांस उचित वाटतें.