ताळा

लष्करांतील नोकरीच्या आठवणी लिहून काढा, असें माझे स्नेही मला बरेच दिवस सांगत आले आहेत. त्यांची अपेक्षा अर्थातच रणांगणावरील पराक्रमाच्या कथांची असते. परंतु मी पडलों सॅपर, म्हणजे लष्करांतील इंजिनिअर. पूल बांधावे, रस्ते काढावे, सुरुंग पेरावे आणि पेरलेले सुरुंग पुन्हां उचलावे, हा आमचा धंदा. त्यांत गर्जनेपेक्षां मोजणीच अधिक. एकोणतीस वर्षांच्या नोकरींत सांगण्यासारखें म्हणून मला जें वाटतें, तें एका चुकलेल्या मोजणीसंबंधींचें आहे. आणि ती चूक माझी होती. शाळा, कॉलेज आणि पलटण या तिन्ही ठिकाणीं मी एकच धडा शिकलों, आणि नेमका तोच ऐन वेळीं विसरलों, असें आज मागें वळून पाहतांना मला दिसतें.

माझा जन्म १९४२ सालचा, पुण्यांतील नारायण पेठेंतला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. ते एका हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. वाड्यांत आमच्या तीन खोल्या, आणि त्यांतली एक सबंध पुस्तकांची. पहाटे अण्णा संध्येला बसले म्हणजे आम्ही भावंडांनीं पलीकडच्या खोलींत अमरकोश म्हणावा, असा नेम होता. एखादा शब्द चुकला कीं, आचमनाची पळी तशीच हातांत ठेवून ते नुसते खांकरत, आणि आम्ही तो श्लोक पुन्हां पहिल्यापासून म्हणूं लागत असूं. चिपळूणकर, टिळक व आगरकर यांनीं १८८० सालीं काढलेलें न्यू इंग्लिश स्कूल रमणबागेंत, घरापासून हांकेच्या अंतरावर. तेथेंच मी शिकलों.

त्या शाळेंतील आमचे गणिताचे मास्तर मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. अंगांत बंद गळ्याचा कोट, बोटांना खडू, आणि तोंडीं एकच शब्द: ‘ताळा’. गणित सोडविलें, उत्तरहि बरोबर आलें, परंतु खालीं ताळा मांडून दाखविला नाहीं, तर ते सरळ शून्य देत. एकदां मीं धीर करून विचारलें, “सर, उत्तर तर बरोबर आहे ना?” ते म्हणाले, “बरोबर आहे हें मला ठाऊक आहे. तुला कशावरून ठाऊक?” या प्रश्नाला त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं.

मुलानें जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवावी, ही अण्णांची मोठी आकांक्षा. १९५८ सालीं निकाल लागला, तेव्हां माझें नांव त्या मानाच्या आसपासहि नव्हतें. अण्णा कांहीं बोलले नाहींत. फक्त त्या दिवसापासून पहाटेचा अमरकोश बंद झाला. मला तो बंद झाल्याचा आनंद व्हावा, तो झाला नाहीं. पुढें फर्ग्युसनमध्यें दोन वर्षें काढून १९६० सालीं मी संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दाखल झालों. हें कॉलेज १८५४ पासूनचें. विश्वेश्वरय्या येथलेच विद्यार्थी. पुलाच्या कमानीवर भार किती येईल हें काढून झाल्यावर, तो त्याहून कितीतरी अधिक येईल असें धरून पुन्हां आंकडे मांडावयाचे, हें तेथें शिकलों. मास्तरांचा ताळाच तो, फक्त नांव निराळें.

१९६१ च्या जुलैची १२ तारीख पुण्यांतला माझ्या वयाचा कोणताहि माणूस विसरणार नाहीं. पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी पेठांतून शिरलें. माणसें मिळेल तें उचलून पर्वतीकडे धांवलीं. आम्ही सारीं वांचलों, परंतु वाडा बसला. दुसऱ्या दिवशीं परत आलों तों पुस्तकांच्या खोलीच्या जागीं छातीइतका चिखल होता. त्या चिखलांत खाकी अर्ध्या विजारींतले चार जवान फावडीं घेऊन उतरले होते. धरणावर रात्रभर वाळूच्या गोण्या रचून जवानांनीं तें फुटणें लांबविलें, नाहीं तर पाणी रात्रींच्या झोपेंत आलें असतें, असें लोक बोलत होते. त्यांतल्या एका जवानानें अण्णांची एक ट्रंक ओढून काढली. आंत पोथ्यांचा लगदा झालेला. त्याला तें काय आहे हें कळलें नसावें. पण त्यानें एकेक पान सोडवून भिंतीच्या कडेला उन्हांत मांडावयास सुरुवात केली, आणि दुपारपर्यंत तो तेंच करीत होता. माझ्या पुढील आयुष्याची दिशा त्या दुपारीं ठरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १९६२ च्या ऑक्टोबरांत, चीनशीं युद्ध झालें. त्या हिंवाळ्यांतील मानहानीनें पुष्कळ तरुणांचीं मनें लष्कराकडे वळलीं. १९६४ सालीं पदवी हातीं आली, तेव्हां मीं घरांत सांगितलें. अण्णा म्हणाले, “इंजिनिअर होऊन सरकारी नोकरी मिळत असतां लोकांना मारण्याचें शिक्षण घ्यावयाचें!” मी म्हणालों, “मारण्याचें नाहीं, वाट काढून देण्याचें.” त्यावर ते उठून गेले. आईनें मात्र रात्रीं निमूटपणें मेतकुटाचा डबा बांधून ठेवला. डेहराडूनला काय खावयाला घालतात याची तिला काळजी. वर्षभरानें, १९६५ सालीं, मी गणवेश घालून घरीं आलों. अण्णांनीं टोपीवरचा बिल्ला जवळ घेऊन पाहिला. इंजिनिअर दलाचें ब्रीद ‘सर्वत्र’. “सर्व या सर्वनामाला त्रल् प्रत्यय,” ते म्हणाले, “शब्द तरी शुद्ध आहे.” याहून अधिक संमति मला त्यांच्याकडून मिळाली नाहीं, आणि मीहि मागितली नाहीं.

आमच्या बॉम्बे सॅपर्सचें घर खडकी. तेथें रंगरुटाला पहिल्याच महिन्यांत एक गोष्ट ऐकावयास मिळते: कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांची. १९४८ च्या एप्रिलांत राजौरीच्या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे काढीत ते रणगाड्यांच्या पुढें पुढें गेले, आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ही गोष्ट माझ्या कंपनींतील एक नाईक फार रंगवून सांगत असे. माण तालुक्यांतला हा गडी. गळ्यांत तुळशीची माळ, शिक्षण चौथीपर्यंत. सळईनें जमीन चांचपीत पुढें सरकण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १९७१ च्या डिसेंबरांत शक्करगडच्या आघाडीवर, रात्रींच्या काळोखांत शत्रूच्या सुरुंगांतून रणगाड्यांना वाट काढतांना मी त्याच्या मागोमाग होतों. तें युद्ध चौदा दिवसांत संपलें. आमचें काम मात्र संपलें नव्हतें.

गुरुदासपूर जिल्ह्याच्या सीमेवरील शेतांतून आपणच पेरलेले सुरुंग उचलण्याचें काम १९७२ च्या शरदांत माझ्या तुकडीकडे होतें. मी तेव्हां कॅप्टन होतों. सुरुंग पेरतांना ओळींचा नकाशा आणि संख्या लिहून ठेवतात. उचलतांना त्या नकाशावरून एकेक शोधावा लागतो. परंतु मध्यंतरीं एक पावसाळा गेला होता. नाल्याच्या पाण्यानें माती वाहते, आणि मातीबरोबर सुरुंगहि सरकतात. त्यांत हे प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे, धातु नांवापुरता. शोधक यंत्राला ते सहसा दाद देत नाहींत. शेवटीं सळई आणि माणसाचा धीर, एवढ्यावरच भिस्त.

गांवचा लंबरदार रोज बांधावर येऊन उभा राही. गव्हाच्या पेऱ्याचे दिवस चालले होते, आणि सबंध गांव एक वर्ष त्या शेतांना मुकलें होतें. मीं त्याला एक तारीख दिली होती. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीं शेवटची ओळ संपली. नकाशावर १२०, आणि हातीं आलेले ११९. नाईक म्हणाला, “साहेब, एक कमी हाय.” आम्ही पुन्हां मोजले. एक कमीच. मीं सांगितलें, “पेरतांना लिहिणाऱ्याची चूक असेल, युद्धाच्या घाईंत होतें असें.” तो म्हणाला, “आसंल साहेब.” आणि मीं शेत निर्वेध झाल्याच्या कागदावर सही केली. शब्द पाळल्याचें समाधान मला इतकें झालें होतें कीं, त्या रात्रीं मला उत्तम झोप लागली.

पहाटे स्फोटाच्या आवाजानें जाग आली. नाईक कोणालाहि न सांगतां, उजाडतांच, सळई घेऊन नाल्याच्या कडेला गेला होता. ओळीच्या बाहेर तीन हातांवर त्याला तो सांपडला. सळईला नव्हे, पायाला. उजवा पाय घोट्याच्या वर गेला. मी पोंचलों तेव्हां तो शुद्धीवर होता. मला पाहून तो म्हणाला, “भरले साहेब, एकशेंवीस.”

पुढें नियमाप्रमाणें चौकशी बसली. हुकुमावांचून तो सुरुंगाच्या हद्दींत गेला, असें ठरतें तर इजा त्याच्याच दोषानें झाली असें होऊन त्याच्या पेन्शनला बाध येण्याची भीति होती. गांवीं त्याच्या दोन लेंकरांची आई त्या वर्षींच्या भीषण दुष्काळांत सरकारी कामावर खडी फोडीत होती. त्यानें मला एक कमी असल्याचें सांगितलें होतें, हें आम्हां दोघांशिवाय कोणी ऐकलें नव्हतें. तें मीं सांगितलें तर माझ्या सहीचा कागद खोटा ठरणार, आणि माझी बढती तोंडावर आलेली. मी खोटें बोलणार होतों असें नाहीं. मी गप्प बसण्याचा विचार करीत होतों. आठ दिवस मी तो विचार करीत होतों, हें लिहितांना आजहि मला संकोच वाटतो. शेवटीं मीं अण्णांना पत्र लिहिलें. उत्तराचें कार्ड आलें, त्यावर तीनच ओळी होत्या: “पत्र पोंचलें. तूं विचारतोस त्याचें उत्तर तुला ठाऊक आहे, नाहीं तर तूं विचारलें नसतेंस. मोजणी कोणाची बरोबर होती, एवढेंच लिहून दे.”

मीं तेवढेंच लिहून दिलें. मला ठपका मिळाला आणि बढती लांबली. नाईकाला पेन्शन मिळालें. या दोन गोष्टींची तुलना करण्याचा मला अधिकार नाहीं.

त्याला पुढें पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रांत आणलें. चार महिन्यांनीं रजेवर आलों, तेव्हां मी त्याला भेटावयास गेलों. खाटेच्या उशाशीं ज्ञानेश्वरी होती. मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “मास्तर येतात की दर ऐतवारी. वाचून दावत्यात.” अण्णा! सत्तरीच्या घरांतले अण्णा, उभ्या जन्मांत घराबाहेर पाण्याखेरीज कांहीं न घेणारे, दर रविवारीं दोन बसगाड्या बदलून वानवडीला येत, तासभर अर्थासह ओव्या वाचीत, आणि त्याच्याच थर्मासमधला चहा त्याच्याच कपांतून पीत. घरीं त्यांनीं याविषयीं अवाक्षर काढलें नव्हतें. संध्याकाळीं मी घरीं आलों तों ते नेहमींप्रमाणें वाचीत बसले होते. मी म्हणालों, “अण्णा, नाईकाला भेटून आलों.” त्यांनीं पुस्तकावरून मान वर केली. “बुद्धि चांगली आहे,” ते म्हणाले, “एकदां सांगितलेलें विसरत नाहीं.” त्या रात्रीं पुष्कळ वर्षांनीं आम्ही बापलेक एका पंक्तीला बसून नीट बोललों.

पुढील बावीस वर्षांचें वर्णन थोडक्यांत आटोपतें. हिमालयांत रस्ते केले, दापोडीला तरुण अधिकाऱ्यांना शिकविलें, ठिकठिकाणीं पूल उभारले. या धांवपळींत मुलांच्या सहा शाळा बदलल्या आणि घर खरें म्हणजे सौभाग्यवतीनें चालविलें. तरुण अधिकाऱ्यांना मी पहिल्या तासाला गणिताच्या मास्तरांची गोष्ट सांगत असें. नाईकाची मात्र कधींच सांगितली नाहीं. अण्णा १९८३ सालीं गेले. मी १९९४ सालीं कर्नल म्हणून निवृत्त झालों.

नाईक गेल्या वर्षीं वारला. त्याचा नातू सध्यां आमच्याकडे राहतो. मी शिकलों त्याच कॉलेजांत तो इंजिनिअरिंग शिकत आहे. २०२२ पासून त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. मुलगा गुणी आहे. येतांजातां तो माझ्या पायां पडे, आणि म्हणे, “तुम्ही पेन्शन मिळवून दिलंत म्हणून आमचं घर उभं राहिलं, असं आबा सांगायचे.” त्याच्या आबानें घरीं एवढेंच सांगितलें होतें. पन्नास वर्षें त्यानें माझी चूक स्वतःच्या बायकामुलांपासूनहि झांकून ठेवली होती. मुलगा वांकला कीं, माझा जीव कासावीस होई.

गेल्या महिन्यांत एका रात्रीं मीं त्याला समोर बसवून सर्व सांगितलें. कागद, सही, ते आठ दिवस, सारें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, “आबांनी आदल्या दिवशीं सांगितलं होतं?” मी म्हणालों, “होय.” “आणि ते गेले नसते तर?” “पेरणीला आलेला कोणी तरी शेतकरी, किंवा त्याचें मूल,” मी म्हणालों. त्यानें मान हलविली आणि तो आपल्या खोलींत गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो नेहमींप्रमाणें कॉलेजला निघाला. पायां पडला नाहीं, दाराशीं थांबून म्हणाला, “आजोबा, हें आमच्या आजीला ठाऊक असायला हवं. तिला वाचतां येतं.”

म्हणून हें लिहिलें.