ब्रेक? तो समोर उभा आहे ना!

दिवाळीत मुंबई-पुण्याचा क्राउड लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, तेव्हा तुम्ही उलट्या दिशेला सुटा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेलाइनवरचं अर्जुनी मोरगाव गाठा, तिथून रस्त्याने केशोरी. पलीकडे लगेच गडचिरोली जिल्हा. भाऊबीजेपासून या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे हं! धानाच्या हंगामातली जत्रा ती. घरं पाहुण्यांनी भरतात, दिवसा दंडार, रात्री नाटक.

केशोरीच्या बाजूच्या अशाच एका मंडईत मी रहाटपाळण्यात बसले. दोन खांब, मधे आडवा कणा, चार लाकडी खोके. मोटर नाही, सीटबेल्ट तर नाहीच. पाळणेवाल्याने नजरेनेच माझं वजन केलं (जिमवाल्यांनाही जमत नाही!) आणि समोरच्या खोक्यात दोन शाळकरी पोरं कोंबली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तरच पाळणा हाताने फिरतो. मग खाली येणाऱ्या खोक्याला तो स्वतःच लोंबकळला आणि मी वर! उंची जेमतेम दुसऱ्या मजल्याएवढी, पण उतरताना पोटात गोळा आला तो अस्सल.

मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ साली सुरू झालेली ‘सीनिक रेल्वे’ नावाची लाकडी रोलरकोस्टर आहे. डब्यांच्या मधोमध ब्रेकमन उभा असतो, उतारावर वेग किती ठेवायचा ते तो ठरवतो. आपल्या पिढीचं एस्सेलवर्ल्ड (१९८९ ते २०२२) आठवा. राइड चालवणाऱ्याचा चेहरा पाहिल्याचं आठवतंय कुणाला? इथे ब्रेक आणि इंजिन एकच माणूस, आणि तो माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले की हात सैल सोडायचा, पोरं ‘अजून, अजून’ ओरडली की जोर लावायचा.

शेजारीच जनरेटरवर चालणारा मोठा लोखंडी पाळणा होता. लाइटिंग, फिल्मी गाणी, लांबलचक लाइन. कॉलेजची पोरं सगळी तिकडे. याच्याकडे फक्त चिल्लीपिल्ली. ‘तुमचा मुलगा हे चालवणार का?’ विचारलं, तर त्याने मानेनेच लोखंडी पाळण्याकडे खूण केली. मुलगा तिथेच तिकिटं फाडत होता.

जाणार असाल तर सुट्टे पैसे ठेवा आणि रात्रीच्या नाटकासाठी स्वेटर न्या, प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाळणा मात्र उजेडीच गाठा. दिवेलागणीला तो खोके दोरीने बांधून टाकतो, त्याच्याकडे बल्ब नाही.