मावशी, एक विचारू का?

रविवारी सकाळी साडेआठला आमच्याकडे फोन वाजला, की तो दोनच ठिकाणचा असतो. एक तर भारतातून आईचा, नाहीतर नर्सिंग शिकणाऱ्या कुणा मुलीचा. दुसऱ्या प्रकारच्या फोनची सुरुवात ठरलेली: "मावशी, एक विचारू का?" आमची ही तेव्हा नुकतीच बारा तासांची नाईट संपवून घरी आलेली असते आणि चहाचा पहिला घोट घेत असते.

या फोनांना जबाबदार मीच. मंडळाच्या गणपतीत किंवा पिकनिकला कुणी म्हणालं, "आमची मुलगी नर्सिंगला गेली," की मी लगेच हिचा नंबर देऊन मोकळा. "विचारा की बिनधास्त, तिला आवडतं!" आपल्या लोकांत इंजिनियर पायलीला पन्नास, पण नर्स शोधावी लागते. त्यामुळे माझा भाव जरा वाढायचा, आणि झोप हिची जायची.

मी २००३ साली इथे एम.एस. करायला आलो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं आणि ही सांगलीहून एच-फोरवर आली. त्या व्हिसावर शिकता येई, नोकरी करता येत नसे. काही वर्षं घर आणि मुलगा सांभाळल्यावर हिने कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं. मे २०१५ मध्ये ग्रीन कार्डच्या रांगेतल्या काही जणांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, त्यात आमचा नंबर लागला. त्याच वर्षी हिने लायसन्सची एनक्लेक्स परीक्षा दिली. तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवणारी ही कॉम्प्युटरची परीक्षा. तेव्हा कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त २६५ प्रश्न असत (२०२३ पासून ८५ ते १५० झाले). हिचा कॉम्प्युटर ७५ व्या प्रश्नालाच थांबला. म्हणजे फारच चांगलं किंवा फारच वाईट! पार्किंग लॉटमध्ये ही रडत होती आणि मी आयटीवाला असून मला काही सांगता येत नव्हतं. सुदैवाने निकाल चांगला लागला.

तर, असा रस्ता तुडवून आलेल्या बाईला लोक काय विचारतात? "मावशी, कुठल्या वॉर्डात काम सगळ्यात कमी?" "दोन वर्षांची डिग्री करू की चार वर्षांची?" (कॉलेजच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.) "एका लिटरचं सलाईन आठ तासांत द्यायचं, सेटचे मिलिलिटरला १५ थेंब, तर मिनिटाला किती थेंब? फक्त उत्तर सांग, घाईत आहे." एकीने तर 'अनुभवी नर्सची मुलाखत' या असाइनमेंटचे दहा प्रश्न रात्री अकराला पाठवले आणि खाली लिहिलं, सकाळी आठपर्यंत उत्तरं हवीत. ही तेव्हा ड्युटीवर होती.

मी म्हणायचो, "अगं, सांगून टाक ना, ३१ थेंब. पोरगी सुटेल." त्यावर एकदा हिने मला समोर बसवून समजावलं. इन्सुलिन, हेपॅरिनसारख्या औषधांची मात्रा अनेक हॉस्पिटलांत दोन नर्सेसनी वेगवेगळी तपासायची पद्धत असते. दुसरीने स्वतः पहिल्यापासून हिशेब करायचा, पहिलीचं उत्तर न बघता. ते बघून नुसती मान डोलावली तर तपासणीला अर्थच नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट. "तुमच्याकडे दुसऱ्याचा कोड न वाचता 'ठीक आहे' म्हटलं तर काय होतं?" हिने विचारलं. मी म्हटलं, "सर्व्हर बसतो. आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो." "माझ्याकडे जुनी आवृत्ती नसते," ही म्हणाली. मी गप्प बसलो.

केअर प्लॅनचंही तसंच. या मुली हमखास जुना केअर प्लॅन मागतात. त्यात पेशंटची तपासणी, त्यावरून गरज ओळखणं, काय करायचं ते ठरवणं, ते करणं आणि उपयोग झाला का ते पाहणं, अशा पाच पायऱ्या असतात. ही म्हणते, हार्ट फेल्युअरचे दोन पेशंट घ्या. दोघांचं रोज सकाळी वजन करायचं, पायावरची सूज बघायची, मीठ कमी करायला सांगायचं. पण एक आजोबा एकटे राहतात आणि त्यांना डब्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. दुसऱ्या आजींची सून प्रेमाने लोणचं-पापड घेऊन येते. दोघांचा रोग एक, पण प्लॅन एक कसा असेल? तो ढापणारी मुलगी पेशंटकडे न बघण्याची सवय लावून घेते, आणि हिचा राग त्यावर असतो.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर अनुभवी नर्सेसच्या तुटकपणाबद्दलही या देशात पूर्वीपासून बोललं जातं. ज्युडिथ माइस्नर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८६ साली एका लेखातून विचारलं होतं, की आपण नर्सेस आपलीच पिल्लं खातो आहोत का? तो वाक्प्रचार अजून टिकून आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या पुस्तकात नर्सच्या नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. नवशिकी नियमांना धरून चालते. तज्ज्ञ एका नजरेत ओळखते, पण कसं ओळखलं ते तिला पटकन सांगता येत नाही. हिच्या पहिल्या वर्षी केरळची एक सिनियर नर्स होती. पहाटे चारला दारातूनच पेशंटकडे बघून म्हणाली, "डॉक्टरला बोलव." हिने विचारलं, का? "तुला काय दिसतंय ते आधी सांग." तेव्हा ही गाडीत बसून रडली होती. आज तीच बाई हिच्या तोंडून बोलते!

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीचा असाच फोन आला. "मावशी, तुझा एखादा तयार केअर प्लॅन पाठवशील? उद्या द्यायचाय." लागोपाठ तीन नाईट झालेल्या. ही म्हणाली, "तयार हवं असेल तर दुसरा धंदा शोध. पेशंटकडे जा, बघ आणि लिही." पलीकडून "सॉरी मावशी" एवढंच आलं. त्यानंतर ती मुलगी फोन करेनाशी झाली.

तीन आठवड्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात तिची आई भेटली. म्हणाली, "ती नर्सिंग सोडायचं म्हणतेय." तिला प्रॅक्टिकलला एक म्हातारे गृहस्थ दिले होते. दोन आठवडे तिने त्यांना आंघोळ घातली होती, भरवलं होतं. एका सकाळी गेली तर पलंगावर स्वच्छ चादर घातलेली, आणि कुणी काही सांगितलेलं नाही. त्याच पेशंटचा केअर प्लॅन लिहायचा होता. तिच्याने एक ओळ लिहवेना.

घरी येताना गाडीत ही बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मी असेसमेंट न करताच औषध दिलं." मी म्हटलं, तुला कसं कळणार? "विचारलं असतं तर कळलं असतं," ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिने स्वतः फोन केला. तास-दीड तास दोघी बोलत होत्या. मला स्वयंपाकघरातून एवढंच ऐकू आलं, की हिचा पहिला पेशंट गेला तेव्हा हिने काय केलं होतं. ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं मी फक्त शिफ्ट कधी संपते, एवढंच विचारत आलो होतो.

ती मुलगी अजून शिकते आहे. पुढे टिकेल की नाही, मला माहीत नाही. फोन मात्र करते. आमच्याकडे आता दोन नियम आहेत. विचारणाऱ्याने आधी सांगायचं, "मी असा विचार केला, इथे अडले." आणि हिने उत्तर देण्याआधी विचारायचं, "आज वॉर्डात काय झालं?" तयार केअर प्लॅन अजूनही मिळत नाही.

तिसरा नियम माझ्यासाठी: परस्पर नंबर वाटायचा नाही. तेव्हा मंडळी, कुणाची मुलगी नर्सिंगला असेल तर जरूर सांगा. मी हिला विचारून, हिची झोप झाल्यावर, कळवतो.