मी काही संत नाही

"मी काही संत नाही," असं आपण किती सहज म्हणून जातो. मोलकरणीचा खाडा कापताना, शेजारच्या आजारपणाकडे काणाडोळा करताना हे वाक्य हाताशी असतं. संत म्हणजे कोणी आवाक्याबाहेरचे, असं ठरवलं की आपण मोकळे.

भिलाईत राहून माझा हा समज टिकला नाही. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढे देशभरातल्या रेल्वेसाठी इथून रूळ जाऊ लागले. आमच्या शेजारचे काका रेल मिलमध्ये रूळ तपासायला होते. पोलादात हायड्रोजन अडकून राहिला तर रूळ वरून धडधाकट दिसतो, पण आत केसाएवढी चीर धरतो. गाड्यांच्या भाराखाली ती वाढत जाते. ती शोधायला रुळातून ध्वनिलहरी सोडतात. जरा शंका आली की काका तो रूळ बाजूला काढायला लावत, मग शिफ्ट संपत आलेली का असेना. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, त्या गाडीत कुणाची तरी लेक माहेरी निघालेली असते."

त्या लेकीला काकांचं नाव कधीच कळणार नाही. जिच्याकडून आभाराचा शब्दही यायचा नाही तिची काळजी वाहणं, यापरती पावित्र्याची खूण मला माहीत नाही. सेक्टर नऊच्या रुग्णालयात, रात्री, शुद्ध हरपलेल्या परक्या म्हाताऱ्याला "बबा, बबा" म्हणत अलगद कुशीवर वळवणाऱ्या आयाबाईतही मला तीच दिसली.

आपले संतही असेच कामातले होते. तेरच्या गोरोबांनी चाक सोडलं नाही, अरणच्या सावतोबांनी मळा सोडला नाही. आपण त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या, पण त्यांच्या पंगतीला बसायचं धाडस केलं नाही.

देवापुढे दोष कबूल करणं सोपं असतं. स्वतःतलं चांगलं कबूल करणं जड जातं, कारण त्यामागोमाग जबाबदारी येते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि मी दर वेळी शांतपणे उत्तर द्यायची. ती शांत बाई मीच होते. मग जे तेव्हा जमलं, ते आजही माझ्याकडून व्हायला हवं. चांगुलपण दुसऱ्यात दिसलं तर त्याला तोंडावर सांगावं. स्वतःत दिसलं तर लाजू नये, त्याला कामाला लावावं.