परवानगीचे हेलपाटे

ज्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकांची माहिती एकत्र नांदते, तेथे कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे आणि कोणास कशाचा मज्जाव असावा, याची लेखी तजवीज असावीच लागते. आमच्या व्यवसायात तिला ॲक्सेस पॉलिसी म्हणतात. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी जो निबंध लिहिला, त्यातील दोन तत्त्वे आजही आम्हांस प्रमाण आहेत : जी परवानगी स्पष्टपणे दिलेली नाही ती नाकारलेली समजावी, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी मागणाऱ्याचा अधिकार तपासावा. प्रत्येक मागणी तपासावयाची म्हटल्यावर ती तपासणी शीघ्र व्हावी म्हणून विद्वानांनी आणि कारागिरांनी अपार परिश्रम घेतले. परवानगी निर्माण करण्याच्या क्रियेकडे मात्र, ती क्वचितच घडते या समजुतीने, फारसे कोणी पाहिले नाही. ही समजूत मला घातक वाटते. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस आपल्या रुग्णाची नोंद उघडता येत नसेल, तर ती खोळंबून बसत नाही. शेजारच्या सहकाऱ्याचा पासवर्ड मागून घेते, आणि परवानगीची सारी व्यवस्था त्या क्षणी निरर्थक होते.

एखाद्या मोठ्या रुग्णालयात नवा विभाग सुरू होत आहे, त्यात २०० कर्मचारी आहेत आणि रुग्णनोंदींचे १५ प्रकार त्यांना खुले करावयाचे आहेत, असे समजा. हे ३,००० नियम झाले. सरळमार्गाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक नियमासाठी हा कर्मचारी अस्तित्वात आहे काय असे डेटाबेसला विचारतो, मग हा नोंदप्रकार आहे काय, मग हाच नियम पूर्वी नोंदलेला आहे काय, आणि तिन्ही उत्तरे हाती आल्यावर चौथ्या खेपेस नियम लिहितो. एकूण खेपा १२,०००. सर्व्हर मुंबईत आणि डेटाबेस दिल्लीत असेल, तर हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे जाण्यायेण्यात किमान साडेअकरा मिलिसेकंद गेलेच. बारा हजारांनी गुणले की सव्वादोन मिनिटांहून अधिक काळ केवळ प्रवासात खर्ची पडतो, आणि त्या अवधीत डेटाबेस बहुतांशी रिकामा बसून असतो. तालुक्याच्या कचेरीतला कारकून यादीतील एकेका नावासाठी दप्तरखान्यापर्यंत हेलपाटा घालू लागला, तर त्याला अधिक वेगाने चालावयास सांगून काय साधणार? यादीच सोबत न्यावयास सांगितले पाहिजे. अधिक शक्तिमान यंत्र विकत घेऊन हा विलंब हटत नाही, हे अनेक अनुभवी व्यवस्थापकांच्याही ध्यानात येत नाही.

हा दोष आळसातून येत नाही. डेटाबेसमधील ओळी प्रोग्रॅममधील वस्तूंसारख्या भासविणारी जी सोयीची साधने आपण वापरतो, ती डेटाबेसकडे जाणारी खेप दृष्टीआड करतात. लिहिणाऱ्यास वाटते की आपण एका वस्तूचा गुणधर्म वाचला, आणि आत एक क्वेरी निघून गेलेली असते. वस्तुतः एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची जी कल्पना मांडली, तिचे मर्म असे की विचारणा समुच्चयाची करावी, एकेका ओळीची नव्हे. म्हणून मी प्रथम सर्व २०० कर्मचारी एका क्वेरीत मागवितो, सर्व १५ नोंदप्रकार दुसरीत. ३,००० जोड्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत तयार करतो आणि त्या एकाच आज्ञेने लिहून घेतो. बारा हजारांच्या जागी खेपा तीन.

तिसऱ्या प्रश्नाचे काय झाले, असे कोणी विचारील. नियम पूर्वी आहे काय, हे आधी विचारणे अनावश्यक तर आहेच, शिवाय अविश्वसनीयही आहे. कारण उत्तर मिळणे आणि लेखन होणे यांच्या दरम्यान दुसरा कोणी तोच नियम लिहून जाऊ शकतो. ती जबाबदारी डेटाबेसच्या अनन्यतेच्या निर्बंधावर सोपवावी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, द्विरुक्ती आढळल्यास काय करावे हे लेखनाच्या आज्ञेतच सांगता येते. तथापि येथे फार सावध असावे लागते. जुनी ओळ मज्जावाची आणि नवी परवानगीची असेल, आणि द्विरुक्ती दिसताच नवी ओळ सोडून द्यावी असे आपण सांगून ठेवले असेल, तर काम यशस्वी झाल्याचा निर्वाळा मिळतो आणि मज्जाव मात्र कायम राहतो. याच्या उलटही घडते, आणि ते अधिक भयंकर. कोणता हुकूम कोणत्या हुकमास रद्द करतो, हे धोरण ठरविणाऱ्या अधिकाऱ्याने आधी निश्चित केल्यावाचून मी ती आज्ञा लिहीत नाही.

एका आज्ञेत किती भरावे यासही मर्यादा आहे. पोस्टग्रेस एका आज्ञेत पॅरामीटर म्हणून ६५,५३५ पर्यंत मूल्ये स्वीकारतो, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २,१००. प्रत्येक नियमाची चार मूल्ये धरली, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे पाचशे नियमांचे गठ्ठे करावे लागतात. गठ्ठे कितीही होवोत, ते सर्व एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक नियम स्वतंत्रपणे कायम केल्यास डेटाबेसला दर वेळी आपली रोजनिशी डिस्कवर पक्की करावी लागते, हा वेळेचा भाग झाला. पण हजार नियम लिहून झाल्यावर यंत्रणा बंद पडली, तर विभागातील काहींना अधिकार मिळाले आणि काहींना नाहीत, अशी जी अर्धवट अवस्था उरते, ती कोणत्याही अधिकाऱ्याने मंजूर केलेली नसते. धोरण समग्र अमलात यावे किंवा मुळीच येऊ नये. वेगासाठी केलेली सुधारणा येथे शुद्धतेच्याही कामी येते, आणि या कामातील माझा खरा ओढा त्या शुद्धतेकडेच आहे. मात्र गठ्ठ्यातील एक ओळ सदोष निघाल्यास सारा गठ्ठा परत येतो. तेव्हा कोणत्या कर्मचाऱ्याचा कोणता नियम नामंजूर झाला, हे अर्जदारास नावानिशी कळविण्याची तजवीज निराळी करावी लागते.

विभागातील सर्वांचे अधिकार सारखेच असतील, तर डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ साली मांडलेली भूमिकाधिष्ठित पद्धती अधिक श्रेयस्कर होय : भूमिकेस १५ परवानग्या, भूमिकेत २०० माणसे, आणि ३,००० ओळींच्या जागी २१५. माणसागणिक अपवाद असतात तेथे मात्र तिचा तेवढा उपयोग होत नाही.

कोणतेही काम हाती घेतले की मी प्रथम एक चाचणी लिहून ठेवतो. ती १० नियम निर्माण करते, मग १,०००, आणि दोन्ही वेळी डेटाबेसकडे गेलेल्या खेपा मोजते. पोस्टग्रेसच्या एका गठ्ठ्यात मावणाऱ्या त्या नियमांसाठी दोन्ही आकडे समान आले नाहीत, तर तो बदल मुख्य प्रोग्रॅममध्ये दाखल होत नाही.