रिकाम्या परतीचंही भाडं

डहाणू

चि. भाच्यास, चिखले मुक्कामी,


टेम्पो दारात आला, पूजा झाली, हे दादाने कळवलं. फार बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस, वाशीच्या मार्केटला चिकू न्यायला किलोमीटरला २५ रुपये देतायत, घेऊ का? हे हो-नाहीत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी आयुष्यभर गाडीवाल्यांच्या वह्या लिहिल्या. डिझेल, टोल, पंक्चर, चहापाणी सगळं त्यांत असायचं. चालवणाऱ्याचा स्वतःचा पगार मात्र बहुतेक वह्यांत नसायचा. गाडी स्वतःची, मग पगार कुणी कुणाला द्यायचा, असं ते म्हणायचे. तू मात्र पगाराची ओळ पहिल्यांदा लिही.

आता हिशेब बघ. आकडे समजण्यापुरते धरलेत, त्यांच्या जागी तुझे घाल. डिझेल नव्वदच्या आसपास, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते; म्हणजे किलोमीटरला ६ रुपये. टायर, ऑइल, ब्रेक, क्लच ह्यांसाठी २ रुपये बाजूला काढायचे, आज खर्च नसला तरी. हप्ता, विमा, फिटनेस, कर मिळून महिना १५,००० आणि तुझा पगार २१,००० धर. हे झाले ३६,०००. महिन्याला गाडी ३,००० किलोमीटर फिरली तर ह्यातले १२ रुपये प्रत्येक किलोमीटरवर बसतात. एकूण २० रुपये. गाडी भरलेली असो की रिकामी, चाक फिरलं की २० रुपये लागले.

चिखल्याहून वाशी दीडशे किलोमीटर धर. जाऊन येऊन ३००, पण भाडं एकाच बाजूचं. २५ च्या दराने हातात ३,७५० येतील. डिझेलचे १,८०० आणि झिजेचे ६०० गेले की १,३५० उरतात. संध्याकाळी खिशात हे पैसे असतात म्हणून भाडं परवडलं असं वाटतं. पण ह्या ३०० किलोमीटरवर हप्ता-विम्याचेच १,५०० बसतात. म्हणजे दिवसभर राबून, रात्र जागून, तुझ्या पगाराचा एक रुपया सुटला नाही आणि वर दीडशे रुपये पदरचे गेले. दर ठरवताना टोल वेगळा काढला नसशील तर तोही तुझ्याच माथी. परतीला माल नसेल तर जातानाच्या किलोमीटरला ४० रुपये मिळायला हवेत, म्हणजे ६,००० आणि टोल वेगळा. ह्यात हाव काही नाही. परतीचा रस्ताही चिकू पाठवणाऱ्या वाडीवाल्याच्याच कामासाठी तुडवलेला असतो.

आपल्याकडे परतीचा माल इतका दुर्मीळ का, हेही समजून घे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि नव्या कारखानदारीवर बंधनं घातली. त्यामुळे वाड्या टिकल्या, २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते बंधन मला हवंच आहे. पण कारखाने वापीला आणि वाड्या इथे, अशी विभागणी झाली की आपल्या गावातून फळ भरून जातं आणि गावाकडे येताना हौदा मोकळा असतो. त्या मोकळ्या हौद्याचा भार एकट्या टेम्पोवाल्याने का उचलावा?

वाडीवाल्याची बाजूही बघ. तुझ्या गाडीत सातशे किलो माल बसला तर ६,००० रुपयांत किलोमागे साडेआठ रुपये वाहतूक पडते. चिकूचा भाव उतरला असताना त्याला ते झेपणार नाही. तो आपला वैरी नाही. अशा वेळी तोट्यात जाऊन त्याचं समाधान करू नकोस. वाशीचा साधा माल मोठ्या ट्रकने जाऊ दे. तुझी गाडी लहान आहे, तिचं बळ अरुंद रस्त्यांत आहे: वाडीतून माल उचलायचा, पॅकिंगच्या शेडवर टाकायचा, ट्रकपर्यंत पोचवायचा. लांब जायचं तर निवडक, चांगल्या भावाच्या मालासाठी जा, किंवा परतीचं भाडं आधी बोलून ठेव. परतीला हजार-दीड हजार मिळत असतील तर जातानाचा दर थोडा खाली आण आणि तसं त्याला सांगूनही टाक. उघड हिशेबाने माणूस तुटत नाही.

जवळच्या खेपांना किलोमीटरचा दर चालत नाही. चार किलोमीटरची खेप आणि क्रेट भरेपर्यंत अर्धा दिवस झाडाखाली उभं राहायचं, असं होतं. तिथे किमान भाडं ठरव आणि पहिल्या तासानंतर थांबण्याचे पैसे लाव. वरचे ३६,००० महिन्याच्या २५० तासांवर वाटले तर तासाला १४४ येतात. दीडशे सांग, आणि माल चढवायच्या आधी सांग. उतरवून झाल्यावर सांगितलं की भांडण होतं. भीड भिकेची बहीण, हे आजी उगाच म्हणत नसे.

क्षमतेपेक्षा एक क्रेटही जास्त घेऊ नकोस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, आणि तो माल देणाऱ्याच्या नव्हे, तुझ्या गाडीच्या नावावर पडतो. शिवाय कमी दर शेवटी गुळगुळीत टायरमधून आणि अर्धवट झोपेतून वसूल होतो. चारोटीपासून घोडबंदरपर्यंतच्या हायवेवर मला तू त्या अवस्थेत नको आहेस.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मुंबईत रिक्षाचा दर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झाला. इंधन, गाडीची किंमत, दुरुस्ती, विमा, महागाई धरून तो सूत्राने काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे मालवाहू गाड्यांचंही किमान आणि कमाल भाडं ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तरी पाऊणएक टन माल नेणारा टेम्पोवाला नाक्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत दर ऐकतो. एकट्याने नाही म्हटलं तर मागचा हो म्हणतो, आणि दोघंही आतबट्ट्यात जातात.

म्हणून चिखले, नरपड, घोलवड, बोर्डीच्या टेम्पोवाल्यांना एकदा एकत्र बसव. दर किती लावायचा हे आधी बोलू नका. प्रत्येकाने आपला खर्च कागदावर मांडावा, एवढंच कर. खर्च सगळ्यांचा जवळपास सारखाच निघेल, आणि कुणालाही न परवडणारा दर कोणता हे आपोआप दिसेल. त्याच्या खाली कुणी जायचं नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ. तोच कागद उद्या परिवहन खात्याकडे अर्ज करताना कामाला येईल.

वाशीचं भाडं देणाऱ्या वाडीवाल्याला उद्याच फोन कर, हिशेब वाचून दाखव, ४० सांग. नाही म्हणाला तर नमस्कार करून ठेव. महिनाअखेरीला वही घेऊन ये. पगाराची ओळ भरलेली आहे की नाही, ते मी आधी बघेन.

तुझी,
आत्या