लोखंडाचा जमाखर्च

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू हमखास खाली येतात. एक आकाशकंदिलाचा सांगाडा आणि दुसरी आजीची लोखंडी कढई. गेल्या वर्षी ती कढई उतरवताना सौ.ला घेरी आली. तिने स्टुलाला घट्ट धरले, क्षणभर डोळे मिटले आणि "काही नाही हो," म्हणून ती भाजणीकडे वळली. बावीस वर्षांच्या संसारात या 'काही नाही'वर मी नेहमीच निर्धास्त विसंबत आलो आहे.

मुलीने मात्र विसंबायचे नाकारले. तिने आईला दवाखान्यात नेले, मागोमाग मीही गेलो. रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठ! निदान बारा तरी हवे.

"आणि फेरिटिन अवघे पाच. म्हणजे कोठार रिकामे आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पडलो हिशेबनीस. कोठार म्हटल्यावर माझे कान टवकारले. मग बाईंनी कागदावर जो जमाखर्च मांडला, तो पाहून माझ्या खतावण्यांची मलाच लाज वाटली. माणसाच्या अंगात लोखंड ते किती? सारे मिळून तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याइतके! त्यातले बहुतेक तांबड्या पेशींत. त्या पेशी जगतात सुमारे १२० दिवस. त्या जीर्ण झाल्या की प्लीहा त्यांच्यातले लोखंड सोडवून घेते. मोकळे फिरले तर ते अपाय करते, म्हणून ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन त्याला हाताला धरून पुन्हा हाडांतल्या मगजाकडे पोचवते. रोजची ही उलाढाल वीस-पंचवीस मिलिग्रॅमची, आणि जेवणातून नवे घ्यायचे ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम! जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी माझी आजीसुद्धा इतकी काटकसरी नव्हती.

उरलेले लोखंड फेरिटिनमध्ये साठते. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून सारा बंदोबस्त आतड्याच्या दारावर. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. कोठार भरले की ते दार ओढून घेते. रिकामे झाले की ते कमी होते आणि दार उघडते. या किल्लीचा पत्ता शास्त्रज्ञांना लागला तो २००० सालाच्या सुमारास.

"मग एवढ्या जपणुकीच्या घरात तूट आली कशी?" मी विचारले.

"अहो, बायकांना खर्च आहे ना! दर महिन्याचा वेगळा आणि प्रत्येक मुलामागे साधारण एक ग्रॅमचा. त्यांचे कोठार मुळात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आणि आधी संपते ते कोठार. रक्त उतरते अगदी शेवटी. तोवर बाहेर कुणाला काही कळत नाही."

मला एकदम आई आठवली. महिनाअखेर डब्यातले तांदूळ तळाला जात; पण आमच्या पानातला भात कधी कमी झाला नाही. सौ.चेही तेच. सर्वांच्या मागून जेवायचे, उरलेल्या रश्शावर भागवायचे आणि लगेच कपभर चहा घ्यायचा. तो चहा जेवणातले लोखंड अडवतो, लिंबू त्याला आत यायला मदत करते. आमच्या घरी लिंबाची फोड असायची ती माझ्या पानात! २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे सत्तावन्न जणींत रक्त कमी आढळले. कारणे अनेक असतील. पण लोखंडाची तूट हे त्यांतले मोठे कारण. म्हणजे शेवटी जेवणारी गृहिणी काही आमच्याच घरात नाही.

गोळ्या मिळाल्या त्या एक दिवसाआड. एका दिवशी भरपूर लोखंड आले की दुसऱ्या दिवशी दार जरा लोटलेले असते, म्हणून! रक्त दोन-अडीच महिन्यांत सावरले. पण कोठार भरण्यासाठी गोळ्या पुढे आणखी तीन महिने चालल्या. रिकामे व्हायला मात्र बावीस वर्षे लागली होती.

यंदा कढई मी उतरवली. स्टीलची भांडी आल्यावर तिला माळ्यावर धाडणारे आम्हीच. आता ती ओट्यावरच राहणार आहे. लिंबाची फोड तिच्या पानात गेली आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी तिला म्हणणार आहे, "आधी तू बस."

ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे: "माझे काही नाही हो."

पण ती रक्कम मी आता जमेस धरणार नाही.